तेवीस गावं, पाणी आणि न मिळालेलं मत

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातून एकामागून एक रुग्ण दवाखान्यांत येऊ लागले. आधी जुलाब किंवा उलट्या, मग काही दिवसांनी पायांतली शक्ती जाणं, हात न उचलता येणं, काहींना श्वास घेण्यासाठी व्हेंटिलेटर लागणं. गुलेन बॅरे सिंड्रोम हे नाव तोवर डॉक्टरांच्या बाहेर फारसं कुणी ऐकलं नव्हतं. महिनाभरात ते ‘जीबीएस’ म्हणून घरोघरी पोचलं. संसर्ग झाल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, असा हा आजार. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला, काहींचा जीव गेला. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या तपासण्यांत रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जाणारे हे जंतू आहेत. रुग्ण दाटीनं सापडले ते सिंहगड रस्त्यालगतचं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत. नांदेडच्या विहिरीतून आसपासच्या वस्त्यांना जे पाणी जात होतं, ते धरणाचं पाणी होतं आणि जलशुद्धीकरण केंद्रातून न जाता फक्त क्लोरिन मिसळून दिलं जात होतं. धरण डोळ्यांसमोर, गाव महापालिकेत, आणि घरातल्या नळाला कच्चं पाणी.

महापालिकेनं मग टँकर पाठवले, घरोघर सर्वेक्षण केलं, पाणी विकणारे खासगी आरओ प्रकल्प तपासून बंद केले. राबणाऱ्या कर्मचाऱ्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला ही त्या तेवीस गावांपैकी, जी ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत घेतली गेली. त्या दिवशी त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या. सरपंच गेला, ग्रामसभा गेली. महापालिकेच्या सभागृहात मात्र त्यांचा माणूस आला नाही, कारण ते सभागृह २०१७ च्या मतदानातून निवडलेलं होतं. पुढे १४ मार्च २०२२ रोजी सभागृहाचीच मुदत संपली आणि आयुक्त प्रशासक झाले. या गावांनी महापालिकेसाठी पहिल्यांदा मत दिलं ते १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे साडेचार वर्षं या लोकांच्या नळाचं, गटाराचं, कचऱ्याचं काय करायचं हे ठरवणाऱ्या संस्थेत त्यांनी निवडलेलं एकही माणूस नव्हतं. लोकसभेला त्यांनी मत दिलं, विधानसभेला दिलं. पण खासदार नळाच्या पाण्यातला क्लोरिन तपासायला लावत नाही, आणि ते त्याचं कामही नाही.

न झालेली निवडणूक हा आपल्याकडे राजकीय बातमीचा विषय मानला गेला. कुणाचं तिकीट अडलं, कुणाचा गट फुटला, कुणाची सोय झाली, याचीच चर्चा चालली. मला तो सार्वजनिक आरोग्याचा विषय वाटतो, आणि तसा तो आपण धरला नाही याचा खरोखर राग येतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. नगरसेवक असता तर जीबीएस आला नसता, असं मी म्हणत नाही. तसं कुणी सिद्ध करू शकणार नाही. माझं म्हणणं इतकंच, की पाणी कच्चं येतं हे सांगायची अधिकृत जागाच या लोकांकडून काढून घेतली होती. आणि ज्या शहरात असं सांगायला जागा नसते, तिथे ते पहिल्यांदा अतिदक्षता विभागातून कळतं.

कायदा याबाबत गुळमुळीत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आणली, त्यात नागरी संस्थांकडे सोपवायच्या अठरा विषयांत पाणीपुरवठा आहे, आणि त्याच्या पुढचाच विषय सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, घनकचरा हा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत. सांडपाणी, साफसफाई, पाणी, साथीच्या रोगांना आळा हे सगळं तिथे येतं. उद्यानातलं कारंजं किंवा चौकातलं शिल्प त्या यादीत शोधून सापडणार नाही. आणि घटनेच्याच अनुच्छेद २४३-यू नं सांगितलं आहे की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. आरोग्याची जबाबदारी आणि वेळेवर निवडणूक, या दोन्ही गोष्टी एकाच दुरुस्तीनं एकत्र आणल्या होत्या. महाराष्ट्रानं पहिली महापालिकांच्या गळ्यात ठेवली आणि दुसरी बासनात बांधली.

ती कशी बांधली गेली, हे थोडक्यात. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी लागू केली: आयोगामार्फत मागासलेपणाची माहिती गोळा करा, त्यावरून प्रत्येक संस्थेत आरक्षण किती ते ठरवा, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा. त्यासाठीची माहिती वेळेत तयार नव्हती. पुढे ती गोळा करायला बांठिया आयोग आला. मध्येच तीन सदस्यांचा प्रभाग झाला, सरकार बदलल्यावर पुन्हा चार सदस्यांचा झाला, आणि प्रत्येक बदलाविरुद्ध कुणी ना कुणी न्यायालयात गेलं. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार आठवड्यांत अधिसूचना काढा असं बजावलं, तरी मतदानाला पुढचा जानेवारी उजाडला. या काळात सत्तेवर कोण नव्हतं? महाविकास आघाडी होती, महायुतीही होती. कुणीही विरोधी बाकावर बसून या विलंबातून हात झटकू शकणार नाही. आरक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा होता, त्यावर लढलं गेलंच पाहिजे होतं. पण त्या भांडणात शहरातला रहिवासी पक्षकार नव्हता, आणि किंमत त्यानं मोजली.

प्रशासक म्हणजे नेमकं काय, हे बाहेरून पटकन लक्षात येत नाही. एरवी आयुक्त एखादा प्रस्ताव तयार करतात, तो स्थायी समितीपुढे जातो, पैशाचा मोठा विषय असेल तर मुख्य सभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभागृहापुढे जातो. तिथे कुणी तो दप्तरी दाखल करा म्हणतं, कुणी उपसूचना देतं, कुणी लेखी प्रश्न विचारतं. प्रश्नोत्तरं कार्यपत्रिकेवर येतात, कागदावर राहतात, पत्रकार उचलतात. प्रशासकाच्या काळात स्थायी समितीचे अधिकार त्याच व्यक्तीकडे आणि मुख्य सभेचेही त्याच व्यक्तीकडे. प्रस्ताव ठेवणारी सही आणि मंजूर करणारी सही एकाच हाताची. जीबीएसची साथ ताजी असतानाच, मार्च २०२५ मध्ये, पुणे महापालिकेचं बारा हजार कोटींहून मोठं अंदाजपत्रक असंच मंजूर झालं. त्यातला किती पैसा समाविष्ट गावांच्या शुद्धीकरण केंद्रांना, किती रस्त्यांना, कोणतं काम आधी आणि का, यावर एका निवडून आलेल्या माणसानंही उभं राहून एक वाक्य बोललं नाही, कारण उभं राहायला सभागृहच नव्हतं. अधिकारी प्रामाणिक असला तरी हे असंच होतं. प्रामाणिकपणा असला म्हणून उलटतपासणी नको, असं कुठल्याही सार्वजनिक कामात चालत नाही.

यावर पुण्यात, आणि पुण्यातच नव्हे, एक उत्तर हमखास मिळतं: नगरसेवक होते तेव्हा तरी काय दिवे लावले? ते उत्तर हलकं नाही. पुणेकरांना ‘स यादी’ माहीत आहे. अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ती यादी. तिच्यातून किती बाकडी आली, किती कापडी पिशव्या आणि कचऱ्याच्या बादल्या वाटल्या गेल्या, किती नामफलक उभे राहिले, हे प्रत्येक पेठेत आणि उपनगरात लोकांनी पाहिलं आहे. वर्गीकरणाच्या नावाखाली ड्रेनेजचे पैसे दुसरीकडे वळलेलेही पाहिले आहेत. समान पाणीपुरवठा योजनेसाठी महापालिकेनं २०१७ मध्ये कर्जरोखे काढले, त्याचा मोठा गाजावाजा झाला, तेव्हा सभागृह भरलेलं होतं. तरी मुदतीमागून मुदत टळली. त्यामुळे ‘माननीयां’वरचा लोकांचा राग मला समजतो. फक्त त्या रागातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. वाईट नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी पाठवता येतं. त्याच्या कार्यालयाच्या दारात हंडे घेऊन बसता येतं, आणि तो घाबरतो, कारण त्या हंड्यामागच्या घराकडे त्याला पुन्हा मत मागायचं असतं. प्रशासकाची बदली मंत्रालयातून होते. हंडे घेऊन मंत्रालयापर्यंत कोण जाणार?

एका जुन्या सदस्याचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेही सरकारनियुक्त. शहरात दारूची दुकानं वाढू लागली तेव्हा १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून विरोध केला. रहिवाशांच्या आरोग्यासाठी आपण पैसा खर्च करतो आणि दुसरीकडे त्याच आरोग्याचा नाश करणारी दुकानं वस्तीत उघडू देतो, असा त्यांचा रोख होता. त्याच काळात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा विषय आला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणून फुले यांनी विरोधात मत दिलं, आणि विरोधात मत देणारे ते एकटेच होते. ठराव मंजूर झाला. पण विरोध नोंदवला गेला, म्हणूनच आज दीडशे वर्षांनी आपण तो सांगू शकतो. सभागृहातल्या एका माणसाची किंमत इतकी असते. सगळेच सदस्य नियुक्त का होते, हा प्रश्न त्या एकट्या मतातून आपोआप उभा राहतो. निवडून येणाऱ्या सदस्यांचं प्रमाण वाढावं ही मागणी त्याच पिढीत जोर धरत गेली.

आणि प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आहे हे ओळखलं डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे, वैद्यकी मुंबईत, आणि मुंबई महापालिकेचे सदस्य. बंदराच्या शहरात प्लेगचं नाव उच्चारणं म्हणजे व्यापाऱ्यांचा आणि सरकारचा रोष ओढवून घेणं होतं. तरी ते बोलले. वस्तीतल्या खोल्यांमध्ये जाऊन रुग्ण तपासणारा माणूस आणि महापालिकेत बोलायची जागा असलेला माणूस एकच होता, त्यामुळे ती बातमी दडपणं अवघड गेलं. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. शेजारून रोज हजारो लोक जातात.

आता त्याच साथीचं पुण्यातलं रूप पाहा. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, अधिकार रँड यांच्या समितीकडे गेले, आणि शहरानं निवडलेल्या सदस्यांना विचारायची गरज उरली नाही. सोल्जर घराघरात शिरले, देवघरापर्यंत गेले, बायामाणसांच्या तपासण्या रस्त्यावर झाल्या. उपाय वैद्यकीय दृष्ट्या सगळेच चुकीचे नव्हते. रुग्ण वेगळे ठेवणं, घरं निर्जंतुक करणं हे करावंच लागणार होतं. पण लोकांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली, कारण येणाऱ्या माणसाशी त्यांचं कुठलंच नातं नव्हतं. पुढे २२ जूनला काय झालं ते प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. आपण ती गोष्ट चापेकर बंधूंच्या बलिदानाची म्हणून शिकतो, आणि ती आहेच. पण सार्वजनिक आरोग्याच्या अंगानंही ती वाचायला हवी: साथीचा बंदोबस्त उत्तरदायी नसलेल्या हातात गेला की योग्य उपायसुद्धा लोक नाकारतात. हाच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये आपण पुन्हा बाहेर काढला. तेव्हा निदान सभागृहं अस्तित्वात होती आणि नगरसेवक, बरे वाईट कसेही, फोन उचलत होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा इथल्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. राज्यानं चौकशी समिती नेमली. ठाण्याच्या सभागृहाची मुदतही मार्च २०२२ मध्येच संपलेली होती. महापालिकेच्या रुग्णालयातल्या मृत्यूंवर त्या महापालिकेच्या सभागृहात चर्चा होणार नाही, ही स्थिती आपण किती सहज पचवली.

आता सभागृहं आली आहेत. २९ महापालिकांत मतदान झालं, नगरसेवक निवडून आले. पण निवडणूक झाली म्हणून प्रश्न मिटला, असं मला वाटत नाही, आणि त्याचं एक कारण मतदानयंत्रासमोरच दिसतं. मुंबई सोडली तर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. पुण्यात जवळजवळ सगळ्या प्रभागांत मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मतं द्यावी लागली. प्रभाग इतका मोठा की एका टोकाच्या सोसायटीला दुसऱ्या टोकाची वाडी ठाऊक नसते. आता ड्रेनेज तुंबलं तर चौघांपैकी कुणाला धरायचं? चौघंही मोकळेपणानं दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतात. या पद्धतीचा फायदा पक्षांना होतो, पॅनेल चालवता येतं. रहिवाशाला तिचा काय फायदा, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. आरोग्याच्या कामाला एक नाव आणि एक चेहरा लागतो. एक प्रभाग, एक सदस्य, ही मागणी म्हणूनच आरोग्याचीही मागणी आहे.

आणि आपणही. शहरातलं पालिका मतदान निम्म्याच्या आसपास रेंगाळतं. मुंबईत २०१७ मध्ये ५५ टक्क्यांच्या वर गेलं तर बातमी झाली, कारण त्याआधी २०१२ मध्ये ते ४५ टक्क्यांनाही पोचलं नव्हतं. विधानसभेला रांगा लावणारं शहर पालिकेला घरी बसतं. ज्याच्या घरी शुद्धीकरणाचं यंत्र आहे, टँकरचे पैसे सोसायटी भरते आणि आजारी पडल्यावर विमा आहे, त्याला महापालिका लागत नाही असं वाटतं. डासांना मात्र सोसायटीचं फाटक अडवत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिका आला तेव्हा रुग्ण एरंडवण्यासारख्या मध्यमवर्गीय भागातही निघाले, आणि गरोदर बायकांची धास्ती सगळ्या थरांत सारखीच होती.

एक ठोस गोष्ट सुचवतो, आणि ती परदेशातून आणायची गरज नाही, आपल्याच ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत ती आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं, पावसाळ्याआधी आणि नंतर. विहिरीभोवती घाण आहे का, गळती आहे का, पाणी निर्जंतुक करणाऱ्या टीसीएल पावडरचा साठा आहे का, शुद्धीकरण नियमित होतं का, हे पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड दिलं जातं. लाल कार्ड मिळालं की गावात चर्चा होते, ग्रामसभेत सरपंचाला खडसावलं जातं. जलसुरक्षक नावाचा माणूस असतो, तो नमुने घेतो. या सगळ्यात त्रुटी आहेत, कागदी कामही आहे, हे कबूल. पण साध्या शिकलेल्या बाईलाही कळेल अशी ती पद्धत आहे. गाव शहरात आलं की ग्रामपंचायतच उरत नाही, मग कार्ड कुणाला द्यायचं? म्हणजे नांदेड किंवा किरकटवाडी शहरी झाली, महापालिकेच्या मिळकतकराच्या कक्षेत आली, आणि पाण्याविषयी विचारायचा जो एक सोपा हक्क होता तोही गमावून बसली.

तीच कार्डं प्रभागाला द्या. नळाच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे टाकीपासून सर्वांत लांबच्या घरात, क्लोरिनची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन किती उरला आहे याची चाचणी, घ्या. पाण्यात उरलेला क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, हे प्रमाण ठरलेलंच आहे. नमुन्यांचे निकाल दर आठवड्याला आरोग्य कोठीच्या, म्हणजे सफाई विभागाच्या स्थानिक कार्यालयाच्या, भिंतीवर लावा, क्षेत्रीय कार्यालयात लावा, नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात लावा. जन्ममृत्यूची नोंद महापालिकाच करते, तर प्रभागनिहाय डेंग्यू, कावीळ, विषमज्वर, जुलाब यांचे आकडेही तिनं त्याच फळ्यावर लिहावेत. निवडणुकीच्या काळात मतदान केंद्राच्या याद्या जशा लावल्या जातात, तशा या लावता येतील. खर्च कागदाचा आणि खळीचा.

दुसरी गोष्ट क्षेत्रसभेची. ग्रामसभेसारखी शहरात क्षेत्रसभा घ्यावी ही तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून आहे. वाचणाऱ्यांपैकी किती जण कधी क्षेत्रसभेला गेले आहेत? बहुतेकांनी हा शब्दच ऐकला नसेल. नव्यानं निवडून आलेल्या सदस्यांनी पहिल्या वर्षात दुसरं काही केलं नाही आणि आपापल्या क्षेत्रसभा भरवल्या, पाण्याचं कार्ड तिथे वाचून दाखवलं, कनिष्ठ अभियंता आणि आरोग्य निरीक्षक यांना तिथे उभं केलं, तरी माझ्या दृष्टीनं या निवडणुकीचं चीज होईल. ते करत नसतील तर लोकांनी लेखी मागणी करावी. तेवीस गावांतल्या लोकांनी तर नक्कीच करावी, कारण ग्रामसभेत बोलण्याची सवय त्यांना आहे. जुन्या शहरातल्या लोकांपेक्षा ते या बाबतीत अनुभवी आहेत.

अशी माहिती उघड केली तर लोक घाबरतील, असं अधिकारी म्हणतात. खासगीत नगरसेवकही म्हणतात, कारण आपल्या प्रभागाला लाल कार्ड मिळालेलं कुणाला नको असतं. पण २०२५ च्या जानेवारीत लोक घाबरले ते माहिती मिळाली म्हणून नव्हे. कोणतं पाणी प्यायचं हे त्यांना कुणी सांगत नव्हतं म्हणून घाबरले, वीस लिटरचे जार विकत घेतले, आणि मग त्या जारचं पाणी भरणारे प्रकल्पही बंद करावे लागल्याचं ऐकलं. नांदेडच्या एखाद्या घराला २०२२ मध्येच ‘लाल’ असं लिहून मिळालं असतं, तर त्या घरानं पाणी उकळलं असतं, अर्ज केला असता, आणि शुद्धीकरण केंद्र मागितलं असतं. कुणाकडे मागायचं, हे त्यांना आता जानेवारी २०२६ पासून माहीत आहे. पुढचं अंदाजपत्रक मुख्य सभेत येईल तेव्हा समाविष्ट गावांच्या शुद्धीकरण केंद्रांची तरतूद कोणत्या पानावर आहे, हे आपल्या प्रभागाच्या चौघा नगरसेवकांना विचारा, आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या.